फाशी वैध, पण ती ठरवण्याची रीत?

महाराष्ट्रातील भटक्या समाजातल्या सहा पुरुषांची सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष मुक्तता केली, तेव्हा त्यांच्या कारावासाला सुमारे सोळा वर्षे होत आली होती. या सहाही जणांना दहा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने फाशी सुनावली होती. प्रकरण नाशिक जिल्ह्यातले. जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला, स्त्रियांवर अत्याचार झाले. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. पुढे त्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे न्यायालयात मान्य झाले. आणि अखेरीस २०१९ मध्ये असे आढळले, की एका जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून अगदी सुरुवातीलाच दुसऱ्या चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि पुढील तपासाचा आदेश दिला.

या सहा जणांचे प्राण वाचले ते एका कार्यपद्धतीविषयक निकालामुळे. त्यांच्या फेरविचार याचिका २०१० मध्ये न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचा युक्तिवाद न ऐकता, फेटाळल्या गेल्या होत्या. २ सप्टेंबर २०१४ रोजी घटनापीठाने महंमद आरिफ प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार याचिका किमान तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे. त्यासाठी कमाल मर्यादा अर्ध्या तासाची ठेवली. या निर्णयाचा आधार घेऊन नाशिकचे प्रकरण पुन्हा उघडले, २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि पुढल्या वर्षी त्याची फलश्रुती झाली.

भारतात फाशीच्या शिक्षेला घटनेच्या आधारे दिलेली आव्हाने गेल्या पाच दशकांत कोठून कोठे पोहोचली, हे समजून घ्यायला यापेक्षा बोलके उदाहरण नाही. ‘ही शिक्षाच घटनाबाह्य आहे’ ही लढाई १९८० मध्ये हरली गेली. ‘ती देण्याची रीत घटनेला धरून आहे काय’ ही लढाई मात्र तेव्हापासून अखंड चालू राहिली, आणि तिच्यात सरकारी पक्षाला वारंवार माघार घ्यावी लागली.

घटनेचा मजकूर आणि बाबासाहेबांचे मत

घटना समितीत ३ जून १९४९ रोजी चर्चा चालली होती ती फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा की नसावा याची. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की अपिलाची तरतूद वाढवण्यापेक्षा देहान्ताची शिक्षाच रद्द करण्याला आपण अधिक पाठिंबा देऊ. अहिंसेला नैतिक तत्त्व म्हणून मानणाऱ्या देशाने या दिशेने जावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. समितीने तो मार्ग स्वीकारला नाही. उलट घटनेच्या मजकुरात या शिक्षेचे अस्तित्व गृहीत धरले गेले. कलम ७२ राष्ट्रपतींना देहान्ताची शिक्षा झालेल्या सर्व प्रकरणांत क्षमेचा अधिकार देते. कलम १३४ मध्ये अशा शिक्षेविरुद्धच्या काही अपिलांची तरतूद आहे. कलम २१ म्हणते, की कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही जीवित हिरावून घेता येणार नाही. याचा सरळ अर्थ असा लावला गेला, की पद्धत पाळली तर जीवित हिरावून घेता येते.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९५ मध्ये फाशी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा भारतीय निकालांचा त्याने विचार केला होता. परंतु तेथील घटनेत असा उल्लेख नव्हता, येथील घटनेत तो आहे, हा फरकही त्याने नोंदवला. भारतात हे आव्हान मुळापासून अवघड का, याचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

नियम, अपवाद आणि १९८० चा निर्णय

कायद्याचा कल मात्र हळूहळू बदलत होता. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी खुनाच्या खटल्यात फाशी दिली नाही तर ती का दिली नाही, याची कारणे न्यायाधीशाला द्यावी लागत. दुरुस्तीने हे बंधन गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने चक्र पूर्ण फिरवले: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे कलम ३५४(३) अन्वये आवश्यक झाले. कलम २३५(२) नुसार दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकणेही बंधनकारक ठरले.

या बदलाच्या उंबरठ्यावर, १९७२ मध्ये, जगमोहनसिंग प्रकरणात पहिले मोठे आव्हान आले. न्यायाधीशाला कोणत्याही निकषांविना जीवनमरणाचा अधिकार देणे हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा युक्तिवाद होता. पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला. न्यायाधीशाचा सारासार विवेक आणि अपिलाची सोय हेच पुरेसे संरक्षण, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणाने कलम २१ मधील ‘पद्धत’ या शब्दाला नवा अर्थ दिला. पद्धत केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे. साहजिकच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. १९७९ मध्ये राजेंद्र प्रसाद प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी बहुमताच्या निकालात फाशीचे क्षेत्र अतिशय आक्रसून टाकले. हा निकाल आणि जगमोहनसिंग निकाल यांचा मेळ बसेना, म्हणून विषय घटनापीठाकडे गेला.

बच्चनसिंग प्रकरणाचा निर्णय ९ मे १९८० रोजी लागला. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंत विष्णु चंद्रचूड होते. बहुमताच्या वतीने न्या. सरकारिया यांनी फाशी घटनेत बसते असे ठरवले, परंतु तिच्यावर एक कडक पहारा बसवला. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात आणि तेही जन्मठेपेचा पर्याय निःसंशय निरुपयोगी ठरला असेल तेव्हाच ती द्यावी. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा. त्याचे वय, मनःस्थिती, सुधारण्याची शक्यता हे सारे तोलावे. आणि तो सुधारू शकणार नाही हे सरकारी पक्षाने पुराव्याने दाखवावे.

पाचवे न्यायमूर्ती भगवती यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांचे सविस्तर निकालपत्र ऑगस्ट १९८२ मध्ये आले. न्यायाधीशाची वृत्ती, पीठाची रचना यांवर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून राहत असेल तर ती मनमानी झाली, आणि मनमानी कलम १४ व २१ ला मान्य नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ही शिक्षा प्रामुख्याने गरिबांच्या वाट्याला येते, असेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. ते मत अल्पमतात गेले. पुढल्या चार दशकांचा इतिहास मात्र त्याच्याच पुष्टीसाठी घडल्यासारखा दिसतो.

आव्हाने यशस्वी झाली ती कोठे

मूळ तत्त्व कायम राहिले तरी त्याच्या कडा एकेक करून छाटल्या गेल्या. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी सक्तीची, असे सांगणारे भारतीय दंड विधानाचे कलम ३०३ सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानेच १९८३ मध्ये मिठू प्रकरणात रद्द केले. न्यायाधीशाला पर्यायच न ठेवणारी शिक्षा न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व. त्याच सूत्राने मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यातील सक्तीची फाशी ऐच्छिक ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शस्त्र कायद्यातील तशीच तरतूद रद्दबातल केली. राजस्थान उच्च न्यायालयाने जाहीर ठिकाणी फाशी देण्याचा आदेश दिला होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहीर फाशी कलम २१ चा भंग करते असे सांगितले.

काही आव्हाने फसलीही. दोराने फाशी देण्याची पद्धत क्रूर आहे, हा आक्षेप १९८३ मध्ये दीना प्रकरणात चंद्रचूड यांच्याच पीठाने अमान्य केला. योगायोग असा, की २०१७ मध्ये हाच प्रश्न नव्या याचिकेने पुन्हा आला आणि मार्च २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने केंद्राकडे या पद्धतीच्या परिणामांविषयी शास्त्रीय माहिती मागितली. पित्याने मिटवलेला प्रश्न पुत्राने निदान पुन्हा विचारण्याजोगा मानला. बलात्काराच्या गुन्ह्याची पुनरावृत्ती करणाऱ्यास फाशीची तरतूद करणारे कलम ३७६ ई मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये शक्ती मिल प्रकरणात वैध ठरवले; आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने त्या प्रकरणातील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. कायदा वैध आणि त्याखालील शिक्षा अनुचित, हे दोन्ही एकाच प्रकरणात घडले.

एक गुन्हा, तीन नशिबे

‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द सोपे आहेत. ते लावायचे कसे, यावर एकमत कधीच झाले नाही. १९८३ च्या माछीसिंग निकालाने गुन्ह्याचे पाच वर्ग सांगितले: गुन्ह्याची रीत, हेतू, समाजविघातक स्वरूप, व्याप्ती आणि बळी पडलेल्याची स्थिती. ही यादी सोयीची होती, म्हणून तीच रूढ झाली. आणि गुन्हेगाराकडे पाहण्याची बच्चनसिंग निकालातील अट मागे पडली. १९९५ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात तर न्यायालयाने गुन्ह्याचे स्वरूपच महत्त्वाचे, गुन्हेगाराचे नव्हे, अशी भूमिका घेतली आणि नंतर त्या कैद्याला फाशी दिली गेली. पुढे अनेक निकालांनी तिचा आधार घेतला. नाशिक प्रकरणातील ३० एप्रिल २००९ चा निकाल त्यांपैकीच एक. पुढच्याच पंधरवड्यात, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच बरियार प्रकरणात दुसऱ्या पीठाने सांगितले, की १९९५ चा तो निकाल घटनापीठाकडे दुर्लक्ष करून दिलेला असल्यामुळे तो आधारभूत मानता येणार नाही. पण तोवर त्या आधारावर माणसे फासावर गेली होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी ठोठावलेल्या १३ कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

त्याआधीचे एक प्रकरण तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही सुन्न करते. उत्तर प्रदेशातील एका हत्याकांडात तिघांना सारख्याच भूमिकेसाठी फाशी झाली. तिघांनी सर्वोच्च न्यायालयात स्वतंत्र अर्ज केले. ते वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पीठांपुढे आले. एकाचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्जही फेटाळला गेला. पहिल्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी झाली. तिसऱ्याने अखेरच्या क्षणी याचिका केली, म्हणून तो वाचला. फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. हरबन्ससिंग प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. दुसऱ्याला मिळालेली सवलत पहिल्याच्या बाबतीत वेळीच कोणाच्या लक्षात आली असती, तर एक माणूस जगला असता.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या अनिश्चिततेचे आकडे देतो. २००० ते २०१४ या काळात कनिष्ठ न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या ज्या शिक्षांचा वरच्या न्यायालयात निकाल लागला, त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी शिक्षा टिकल्या. सुमारे ६५ टक्के प्रकरणांत शिक्षा कमी झाली आणि सुमारे ३० टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. न्या. भगवतींनी १९८२ मध्ये व्यक्त केलेली चिंता येथे आकड्यांत उतरली. याच विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस देशात ५६४ कैदी फाशीच्या शिक्षेखाली होते. याउलट २००४ ते २०२० या काळात प्रत्यक्ष फासावर गेले ते आठ जण.

फायलीचा प्रवास

न्यायालयाचा मार्ग संपला की प्रकरण कार्यकारी यंत्रणेच्या हाती येते, आणि राजधानीतील अधिकारीवर्गाचा या विषयाशी थेट संबंध येतो तो येथे. दयेचा अर्ज कारागृह अधीक्षकाकडून राज्याच्या गृहखात्याकडे, तेथून राज्यपालांकडे, मग केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आणि शेवटी राष्ट्रपती भवनात जातो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. हा निर्णय न्यायिक छाननीपासून पूर्णतः मुक्त नाही, हे १९८८ च्या केहरसिंग निकालाने आणि २००६ च्या एपुरू सुधाकर निकालाने स्पष्ट केले: संबंधित कागदपत्रे पुढे ठेवली गेली नाहीत, अप्रस्तुत गोष्टींचा विचार झाला किंवा निर्णय मनमानी असेल, तर न्यायालय लक्ष घालू शकते.

व्यवहारात मात्र फाइल कधी वर्षानुवर्षे निजून राहिली, तर कधी वायुवेगाने धावली. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या कारकीर्दीत बहुतेक अर्ज अनिर्णित राहिले. प्रतिभाताई पाटील यांनी अनेकांची फाशी जन्मठेपेत बदलली. २०१२ मध्ये त्यांच्या आदेशाने शिक्षा कमी झालेला एक कैदी कर्नाटकातील कारागृहात २००७ मध्येच मरण पावला होता. फाइल जिवंत होती, माणूस नव्हता. प्रणव मुखर्जी यांच्या काळात मोठ्या संख्येने अर्ज फेटाळले गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरूला फाशी देण्यात आली, तेव्हा त्याच्या कुटुंबाला पाठवलेले पत्र फाशीनंतर पोहोचले.

या पार्श्वभूमीवर २१ जानेवारी २०१४ चा शत्रुघ्न चौहान निकाल हा १९८० नंतरचा सर्वांत दूरगामी निकाल ठरला. सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. अर्जावर अवाजवी विलंब हा कैद्याचा छळ आहे आणि कलम २१ चे संरक्षण शेवटच्या श्वासापर्यंत टिकते, हे त्यामागील सूत्र. अर्ज फेटाळल्याचे कैद्याला आणि कुटुंबाला कळवणे, त्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस जाऊ देणे, विनामूल्य विधिसाहाय्य पुरवणे ही बंधने याच निकालाने घातली. दहशतवादाच्या गुन्ह्यात विलंबाचा लाभ मिळणार नाही, हे २०१३ चे मतही त्याने पुसून टाकले.

महाराष्ट्र शासनाला याचा अनुभव दोनदा आला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, कारण त्यांच्या दयेच्या अर्जांवर जवळजवळ आठ वर्षे गेली होती. पुण्यातील बीपीओ कर्मचारी युवतीच्या खून प्रकरणातील दोघांची फाशी २०१९ मध्ये अशाच विलंबापायी रद्द झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच वेळी प्रत्येक राज्याने दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करावा, असा निर्देश दिला गेला. ज्यांच्या मुलींचे, लेकरांचे प्राण गेले त्या कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर हा घटनाक्रम अधिकच कटू आहे. गुन्ह्याविषयी संशय नव्हता, न्यायालयांचे निकाल होते, आणि तरीही शिक्षा गळून पडली ती सरकारी कचेऱ्यांच्या दिरंगाईमुळे.

माणसाचा इतिहास कोण सांगणार?

अलीकडच्या वर्षांत आव्हानाचे केंद्र पुन्हा सत्र न्यायालयाकडे सरकले आहे. दोषी ठरवल्यावर लगेच, त्याच दिवशी, शिक्षेवर दोन शब्द ऐकून घेण्याची प्रथा सर्रास होती. या प्रश्नाचा धागा मानवत हत्याकांडापर्यंत मागे जातो. परभणी जिल्ह्यातील त्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की शिक्षेबाबत ऐकून घेण्यात कनिष्ठ न्यायालयाची चूक झाली तरी वरचे न्यायालय ती भरून काढू शकते. त्याच्या आदल्या वर्षीचा एक निकाल मात्र अशा वेळी प्रकरण परत पाठवावे असे सांगत होता. दोन्ही प्रवाह पुढे समांतर वाहत राहिले.

मे २०२२ मध्ये न्या. उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने मनोज प्रकरणात यंत्रणेवर नेमकी जबाबदारी टाकली. आरोपीचे बालपण, शिक्षण, कौटुंबिक व आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य, कारागृहातील वर्तन व काम यांची माहिती सरकारने खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे ठेवावी; आरोपीलाही उत्तर देण्यास पुरेसा अवधी मिळावा. १९ सप्टेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश लळीत यांच्याच पीठाने, अशी संधी केव्हा आणि कशी द्यावी याविषयीचे मतभेद मिटवण्यासाठी, विषय पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. २५ ऑगस्ट २०२५ रोजी आणखी एक पाऊल पडले. नागपुरातील एका बालिकेच्या हत्येच्या प्रकरणात अपील, फेरविचार आणि दयेचा अर्ज हे सारे संपलेले असतानाही न्यायालयाने ठरवले, की मनोज निकालातील संरक्षण मिळालेले नसेल तर फाशीचा कैदी कलम ३२ अन्वये शिक्षेचा प्रश्न पुन्हा उपस्थित करू शकतो. दोषसिद्धी कायम राहिली. शिक्षेची सुनावणी नव्याने व्हायची ठरली.

शिक्षेच्या मुळावरचा प्रश्नही अधूनमधून डोके वर काढतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्या. कुरियन जोसेफ यांनी फाशीच्या उपयुक्ततेचाच फेरविचार व्हावा असे लिहिले. त्यांच्या दोन्ही सहकारी न्यायमूर्तींनी त्या मतापासून स्वतःला दूर ठेवले. २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि युद्धविषयक गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. १९६७ च्या ३५ व्या अहवालाने ही शिक्षा कायम ठेवावी असे सुचवले होते, हे लक्षात घेतले तर या बदलाचे मोल कळते.

संसदेची दिशा उलट

विधिमंडळांचा प्रवास मात्र याच्या विरुद्ध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशीयोग्य गुन्ह्यांची यादी वाढली. जमावाकडून होणारी हत्या, संघटित गुन्हेगारीतील मृत्यू, दहशतवादी कृत्यातील मृत्यू यांचा तिच्यात समावेश झाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७२ दयेच्या अर्जाला प्रथमच वेळापत्रक लावते. कैद्याने तीस दिवसांत अर्ज करावा. राज्याचे अभिप्राय आल्यावर केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस करावी. निर्णय अठ्ठेचाळीस तासांत कळवावा. एकाच प्रकरणातील सर्व कैद्यांचे अर्ज एकत्र निकालात काढावेत, ही तरतूदही त्यात आहे. हरबन्ससिंग प्रकरणासारखी शोकांतिका निदान दयेच्या टप्प्यावर तरी टाळण्याचा हा मार्ग ठरू शकतो. मात्र राष्ट्रपतींनी स्वतः किती दिवसांत निर्णय घ्यावा, हे कलम सांगत नाही.

याच कलमाच्या सातव्या पोटकलमात पुढील वादाचे बीज आहे. राष्ट्रपती वा राज्यपालांच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, आणि तो निर्णय कसा घेतला याची कोणत्याही न्यायालयात चौकशी होणार नाही, असे ते म्हणते. शब्दशः घेतले तर शत्रुघ्न चौहान निकालाचा पायाच त्याने उखडला जातो. परंतु न्यायिक पुनर्विलोकन हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या चंद्रकुमार निकालात सांगितले आहे. साध्या कायद्याने कलम ३२ व २२६ चे अधिकार कमी करता येत नाहीत. हे पोटकलम आहे त्या रूपात घटनेच्या कसोटीला उतरेल, असे मानणे कठीण आहे.

फाशीच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. संसद लोकेच्छेचे प्रतिनिधित्व करते. लहान मुलींवरील अत्याचार, बॉम्बस्फोट, सामूहिक हत्या यांनी समाज हादरतो, तेव्हा सर्वोच्च शिक्षेची मागणी स्वाभाविक असते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या प्रकरणातील चौघे २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये फासावर गेले, त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत याचिका चालू होत्या. त्या मुलीच्या आईवडिलांना सात वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कायदेशीर संधींचा पाठोपाठ वापर हा विलंबाचा डाव आहे, अशी तक्रार करत केंद्राने जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे कालमर्यादेची मागणी केली होती. या तक्रारीत तथ्य आहे. पण नाशिकचे प्रकरण दाखवते, की शेवटच्या टप्प्यावरची संधी कधी निरपराधाच्या गळ्यातील दोरही काढते; आणि चुकीचे लोक तुरुंगात असतात तेव्हा खरे गुन्हेगार मोकळे राहतात, हा बळी पडलेल्या कुटुंबावरचा दुसरा अन्याय असतो.

घटनापीठापुढे ठेवलेला प्रश्न दिसायला तांत्रिक आहे: शिक्षा ठरवण्यापूर्वी कैद्याची बाजू मांडण्याची पुरेशी संधी म्हणजे काय? त्याचे उत्तर न्यायमूर्ती देतील, पण ते अमलात येईल ते जिल्ह्याच्या ठिकाणी. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, कारागृह अधीक्षकाची नोंद, मनोविकारतज्ज्ञाची तपासणी, गृहखात्यातील टिपणी आणि तिच्यावरची तारीख या कागदांवर ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ या शब्दांचा अर्थ यापुढे ठरणार आहे. हे कागद आजवर बहुतेक खटल्यांत लिहिलेच गेले नाहीत. ते प्रामाणिकपणे आणि वेळेत लिहिले गेले, तर बच्चनसिंग निकालातील कसोटी प्रथमच खऱ्या अर्थाने लावली जाईल. तसे झाले नाही, तर न्या. भगवतींचे भिन्नमत पुन्हा उघडून वाचावे लागेल, आणि या वेळी ते अल्पमतात राहील याची खात्री देता येणार नाही.